रस्ता रुंद झाला, मग पोरीनं सायकल चालवायची कुठून?

प्रश्न : दादा, आमच्या गावापासून शाळा चार किलोमीटर. पोरगी नववीत, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची सायकल मिळाली आहे. दोन वर्षांआधी रस्ता रुंद होऊन सिमेंटचा झाला, दोन्हीकडचे कडुनिंब गेले, आणि तालुक्याच्या भोवती घरांच्या प्लॉटांचे ले-आउट पडतायत म्हणून दिवसभर गिट्टीचे टिप्पर. मागून हॉर्न वाजला म्हणून पोरगी खाली उतरायला गेली तर कडेला खोल, पडली, टोंगळा फुटला. तिचे बाबा म्हणतात सायकल बंद. काय करू?
— एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, सायकल बंद करू नका हे आधी सांगतो. आठवी ते बारावीच्या पोरींची शाळा दूर म्हणून सुटू नये यासाठीच ती सायकल आहे, आज ती घरात उभी राहिली तर उद्या शाळाच बंद होईल.

पोरगी पडली ती साइडपट्टीमुळं. सिमेंटचा रस्ता जमिनीपेक्षा वीतभर उंच होतो, कडेला मुरूम भरून दाबायचा असतो, पण बऱ्याच ठिकाणी काळी मातीच ढकलून देतात, मग उन्हाळ्यात तिला भेगा, पावसात चिखल, आणि आता पाऊस असा पडतो की महिनाभराचं पाणी दोन रात्रीत, कड वाहूनच जाते. काम झाल्यावरही ठरलेली काही वर्षं दुरुस्ती ठेकेदाराकडंच असते, रस्त्याच्या कामाचा फलक असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते. फलकाचा फोटो काढा, कडेला टेप धरून खोलीचा काढा, ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत बांधकाम विभागात द्या आणि पोच घ्या.

उन्हाचं मात्र कठीण आहे. नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 अंश झालं होतं, आपल्याकडं विदर्भात शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात त्या उन्हापायीच. मार्च-एप्रिलात सकाळची शाळा असली तरी घरी येताना ऊन डोक्यावर, खालून सिमेंट तापलेलं, दुपट्टा बांधून किती भागणार? जुन्या निंबाएवढी सावली द्यायला नव्या रोपाला दहा-पंधरा वर्षं लागतात, तोवर पोरीचं शिक्षण होऊन जाईल. रोपं लावाच, पण तिच्यासाठी वाट आजच पाहिजे.

म्हणून विचारतो, तुमच्या गावातून शाळेकडं जुनी पांदण, म्हणजे शेतांमधली वाट, जाते का? टिप्पर नाही, दोन्हीकडच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, बाभळी-बोरी, आपल्या आज्या त्याच वाटेनं बाजाराला पायी जायच्या. तलाठ्याकडं गावनकाशा बघा. कोणी नांगरून अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो, तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करा. ग्रामसभेत पांदणीवर मुरूम टाकायची मागणी एकटीनं नका करू, शाळेत जाणाऱ्या सगळ्या पोरींच्या आयांना सोबत न्या. आणि मुरूम टाकायच्या दिवशी कोणीतरी तिथं उभं राहा, जेसीबीवाला रुंदी काढायला आधी धुऱ्यावरच्या बाभळीच उपटतो.