रॅव्ह४ हायब्रिड की सीआर-व्ही हायब्रिड? आणि "बॅटरी गेली की गाडी भंगार" म्हणणाऱ्यांविषयी

तुमचा प्रश्न असा आहे: २०२३ची वापरलेली हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली, घ्यायची आहे, टोयोटा रॅव्ह४ हायब्रिड घ्यावी की होंडा सीआर-व्ही हायब्रिड? गाडी रोज तुम्ही चालवणार, मागे दोन मुलं आणि गुडघेदुखीच्या सासूबाई. नवरा म्हणतो मायलेज बघ, आणि दीर म्हणतात हायब्रिडची बॅटरी गेली की गाडी भंगारात.

नुसतं रॅव्ह४ की सीआर-व्ही एवढंच विचारलं असतंत, तर मी वाचून पुढे गेले असते. दोन्ही उत्तम गाड्या आहेत. लिहायला बसले ती तुमच्या दिरांच्या वाक्यामुळे. हेच वाक्य मी माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून सहा वर्षं ऐकलंय, आणि ते खरं मानून एक चांगली गाडी हातची घालवलीय.

ती माझी पहिली हायब्रिड. कंपनी कोणती ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हतीच. स्वतःच्या पगारातून घेतली, दादाला न विचारता, आणि ते त्याला लागलं. "बॅटरी गेली की रडत येशील" हे त्याचं पहिल्याच दिवशीचं बोलणं. पाच वर्षं गाडीने एकदाही तक्रार केली नाही. मग बाबांचं मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यांना बसवत नसे, म्हणून मागच्या सीटवर आडवं करून फिजिओथेरपीला न्यायचे. अंगाखाली जाड लोकरी ब्लँकेट, पायाशी उशी. आठ महिने ते ब्लँकेट तिथेच होतं, सीटच्या कडेवरून खाली लोंबत.

एका दुपारी लांबचा चढ चढताना डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टिमचा दिवा लागला आणि गाडीचा दम गेला. वर्कशॉपमधल्या माणसाने मशीन लावून कोड वाचला आणि सांगितलं, बॅटरी तापतेय, पूर्ण पॅक बदलावा लागेल. त्याने मागची सीट उचलूनही पाहिली नाही. दादा शेजारीच उभा होता. "सांगत होतो ना?" एवढंच म्हणाला. बाबांच्या आजारपणात माझ्यात भांडायची ताकद नव्हती. आठ दिवसांत गाडी विकली, बिघडलेली म्हणून मिळेल त्या भावाला.

दोन महिन्यांनी, घेणाऱ्या मुलाचा दुसऱ्या किल्लीसाठी फोन आला. तो स्वतः गाड्या दुरुस्त करणारा. बोलता बोलता त्याने विचारलं, "ताई, तुम्ही मागच्या सीटवर लोकरीचं काही ठेवायचा का?" सीटखाली बॅटरीला थंड हवा घेणारी जाळी असते. ती लोकरीच्या तंतूंनी पूर्ण बुजली होती आणि आतला पंखा त्याच गुंत्यात अडकला होता. त्याने जाळी साफ केली, पंखा बदलला, बॅटरी ज्या छोट्या भागांची बनलेली असते त्या एकेका ब्लॉकचा व्होल्टेज तपासला. सगळे सारखे निघाले. बॅटरीला काहीही झालं नव्हतं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

दादाचं यावर म्हणणं काय? "आज पंखा, उद्या बॅटरी. जाणारच होती." या वाक्याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. आज देते, कारण तुमच्या दिरांनाही ते लागू पडतं.

या गाड्यांची बॅटरी इलेक्ट्रिक गाडीसारखी अवाढव्य नसते. सीआर-व्हीची जेमतेम एक किलोवॅट-तासाची, रॅव्ह४ची त्याहून थोडी मोठी. नुसत्या बॅटरीवर लांब जाणं हे तिचं कामच नाही. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी ताकद साठवायची आणि निघताना परत द्यायची, एवढंच. गाडीचा कॉम्प्युटर तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, मधल्याच पट्ट्यात ठेवतो. म्हणूनच ती टिकते. टोयोटाची पहिली हायब्रिड, प्रियस, १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आली, म्हणजे हे तंत्र पाव शतकाहून जुनं आहे. अमेरिकेत टोयोटा २०२० मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीला १० वर्षं किंवा १,५०,००० मैलांची वॉरंटी देते. बॅटरी दोन-चार वर्षांत जात असती तर कोणत्या कंपनीने हा बोजा डोक्यावर घेतला असता? आणि हो, बॅटरी कधीतरी जाते. क्लचप्लेटही जाते, टर्बोही जातो. तेवढ्यासाठी कोणी गाडी भंगारात काढत नाही.

शिवाय साध्या गाडीत बिघडणाऱ्या कितीतरी गोष्टी या गाड्यांत नसतातच. रॅव्ह४ला वेगळा स्टार्टर नाही, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नाही, आणि गिअरबॉक्सच्या नावात सीव्हीटी असलं तरी साध्या सीव्हीटीसारखा आत पट्टा नाही. इंजिन आणि दोन मोटरी एका प्लॅनेटरी गिअरवर (मधल्या चाकाभोवती छोटी दातेरी चाकं फिरणारा गिअर) जोडलेल्या असतात आणि कोणी किती जोर लावायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. होंडाची रीत वेगळी. गावात बहुतेक वेळ चाकं मोटरच फिरवते आणि इंजिन जनरेटर चालवून वीज देतं. हायवेला वेग स्थिर झाला की क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. दोन्ही रीती मुरलेल्या आहेत. यावरून गाडी निवडू नका.

आता मायलेज. तुमच्या यजमानांना हे गणित दाखवा. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत त्या पिढीची रॅव्ह४ हायब्रिड, जी तिथे फोर-व्हील ड्राइव्हच यायची, गॅलनला ४० मैल देते. सीआर-व्ही हायब्रिड टू-व्हील ड्राइव्हमध्ये तेवढेच ४० आणि फोर-व्हीलमध्ये ३७. म्हणजे लिटरला साधारण १७ किलोमीटर आणि पावणेसोळा किलोमीटर. हा फरक १०० किलोमीटरला अर्धा लिटरही भरत नाही. १०,००० किलोमीटर चालवलीत तर पन्नास लिटरच्या आत. टायरमधली हवा महिनोन्‌महिने न बघणारी माणसं एवढ्या फरकावरून घरात वाद घालतात, ते मला पटत नाही. फोर-व्हीलची गरज नसेल तर हा फरकही उरत नाही.

मग काय बघायचं? मागची सीट. सीआर-व्हीत मागे पाय ठेवायला ४१ इंच जागा आहे, रॅव्ह४त पावणेअडतीस. तीन इंच कागदावर थोडे वाटतात. ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्याला विचारा. सीआर-व्हीचे मागचे दरवाजेही जवळजवळ काटकोनात उघडतात, त्यामुळे आधी सीटवर बसून मग पाय आत घेता येतात. बाबांना आत-बाहेर करताना मला कळलं की दरवाजा किती उघडतो यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं बाहेर पडणं अवलंबून असतं. माहितीपत्रकात हा आकडा सहसा सापडत नाही.

तुमच्या घरासाठी माझं मत सीआर-व्ही. घरात वयस्कर माणूस नसतं आणि चिखल-बर्फाच्या वाटा रोजच्या असत्या, तर रॅव्ह४ म्हटलं असतं. तिच्या मागच्या चाकांना स्वतःची मोटर आहे, पुढून मागे दांडा जात नाही. घसरत्या जागी निघायला ती पुरते. अर्थात मागची मोटर लहान आहे, खोल चिखलात तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. जोरात पळवताना रॅव्ह४चं इंजिन जास्त ओरडतं, हेही लक्षात ठेवा.

पण वापरलेली घेताय, तेव्हा कोणती गाडी यापेक्षा कोणाची गाडी हे मोठं. रॅव्ह४ असेल तर मागच्या सीटखाली वाकून हवेची जाळी स्वतः बघा. कुत्र्याचे केस, धूळ, लोकर काहीही असेल तर आधीच्या मालकाने मॅन्युअल उघडलेलं नाही. सीआर-व्हीची बॅटरी डिकीच्या तळाखाली आहे. तिथे पाणी सांडल्याच्या किंवा ओल आल्याच्या खुणा आहेत का ते पाहा, आणि हवा कुठून घेते ते मॅन्युअलमध्ये शोधा. स्कॅनर लावून बॅटरीच्या ब्लॉक्सचे व्होल्टेज मागा आणि गाडी चढावर नेऊन आल्यावर ते परत घ्या. एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा बराच खाली पडत असेल तर ती गाडी सोडा. नुसता "हायब्रिड चेक ओके" असा शिक्का चालवून घेऊ नका. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, तेही बघा. आणि बारा व्होल्टची लहान बॅटरी किती जुनी आहे ते विचारा. हायब्रिड सकाळी उठत नाही तेव्हा पुष्कळदा तीच मेलेली असते आणि लोक मोठ्या बॅटरीच्या नावाने हंबरडा फोडतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुमचं चालवणं जवळजवळ सगळं हायवेचं असेल तर हायब्रिडचा फायदा बराच आटतो, कारण ब्रेकच लागत नाही तर परत मिळणार काय. आणि गाडी महिनाभर उभीच राहणार असेल तर दोन्हींपैकी कोणतीच घेऊ नका. तुम्ही रोज गावात चालवणार म्हणालात, म्हणून हे सगळं लिहिलं.

दिरांना न्यायचंच असेल तर गाडी बघायला न्या, ठरवायला नको. चालवणार तुम्ही आहात. सासूबाईंना मात्र नक्की न्या. दोन्ही गाड्यांत त्यांना स्वतःहून बसू दे, स्वतःहून उतरू दे, घाई करू नका. मी आता दुसरी हायब्रिड चालवते, चार वर्षं झाली. बाबा आता टेकून बसतात. ब्लँकेट त्यांच्या मांडीवर असतं, आणि दर रविवारी मी मागची सीट उचलून जाळी पुसते.