माइकचे बटण दाबताच सेट बंद पडतो, तेव्हा ट्यूनर घेण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की डिसेंबरात पहाटे कळसूबाईवरून हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) सीक्यू, म्हणजे ‘कोणीही उत्तर द्या’ अशी हाक, देताना माइकचे बटण दाबताच रेडिओ सेट बंद पडत होता, एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते याचे माप; १ म्हणजे उत्तम) घरच्यापेक्षा वाढलेला होता, आणि म्हणून नवा अँटेना ट्यूनर (ही जुळणी साधणारे उपकरण) घेण्याचा आपला विचार आहे. कृपया थोडे थांबावे. त्याच शिखरावर, तशाच थंडीत हे सारे मी भोगले आहे, आणि दोष अँटेनात नव्हता.

मी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी नेली होती. घरी तिच्यावर तासभर नुसते ऐकले, मीटरवर १२.८ व्होल्ट पाहिले आणि निश्चिंत झाले. परंतु ऐकताना एखादा अँपिअर घेणारा शंभर वॉटचा सेट बोलताना २० अँपिअरपर्यंत ओढतो. गारठ्याने बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, आणि माझी वायर दीड चौरस मिलिमीटरची, अडीच मीटर लांब असल्याने जाऊन-येऊन तिच्यातच एक व्होल्टहून अधिक गळत होता. बहुतेक सेट साधारण ११.७ व्होल्टच्या खाली नीट चालत नाहीत.

हे ओळखण्याऐवजी दहिवराने भिजलेल्या डायपोलचा (दोन तारांच्या अँटेनाचा) एसडब्ल्यूआर १.३ वरून १.८ झालेला पाहून मी बोचऱ्या वाऱ्यात दोन तास मास्ट (अँटेनाचा खांब) उतरवत आणि तारेची लांबी बदलत राहिले. बोटे इतकी बधिर झाली की शेवटी गाठीही सुटेनात. १.८ ने सेट बंद पडत नाही, हे मला ठाऊक होते, तरी त्या क्षणी सुचले नाही, याची खंत आजही वाटते.

परतल्यावर बॅटरी दुकानात नेली, तर तेथे भार न लावता मीटर टेकवून ‘१२.८ आहे, उत्तम आहे’ एवढेच सांगितले गेले. भार लावून दाखवण्याची माझी विनंती तीन खेपांतही मान्य झाली नाही, आणि त्या फेऱ्यांत थंडीचा उरलेला हंगाम गेला. वीज गडगडत नसल्याने ४० मीटरवर खरखर कमी असते ती याच दिवसांत, म्हणून हे नुकसान मला बॅटरीच्या किमतीपेक्षा मोठे वाटते.

माझे मत असे की शिखरावर शंभर वॉटचा आग्रह धरू नये. २५ वॉटवर समोरच्याला आपण जेमतेम एक एस-युनिट (सिग्नलच्या जोराच्या मापातील एक पायरी) कमी ऐकू येतो, पण बॅटरीवरचा ताण बराच कमी होतो. पुढे मी २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि जाड, आखूड वायर घेतली. मात्र आपण हिमालयात जाणार असाल तर ती शून्य अंशाखाली चार्ज करू नये. मास्टच्या ताणदोऱ्यांना रंगीत चिंध्या बांधाव्यात, कारण पहाटेच देवीच्या दर्शनाला माणसे येऊ लागतात. हा परिसर अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याची परवानगी आणि आपल्या हॅम परवान्यातील अटी आपणच तपासाव्यात. त्याबाबत माझा शब्द प्रमाण मानू नये.

आपला सेट मी पाहिलेला नाही, त्यामुळे निदान चुकूही शकते. माइकचे बटण दाबून बोलत असताना एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा सेटच्या मागे व्होल्टेज मोजून ते दोन आकडे कळवावेत. दोन्ही घसरले तर बॅटरी, आणि केवळ सेटमागचा घसरला तर वायर किंवा फ्यूजचा सांधा.