"ह्यांना डिप्रेशन आलंय का हो मॅडम?"

मे महिन्यात सिंहगड रोडच्या एका बाईंचा फोन आला, आवाज इतका खालचा की बहुतेक बाल्कनीचं दार लावून बोलत असाव्यात. म्हणाल्या, "दिवेआगरहून आल्यापासून हे विचित्रच बोलतायत, जगण्याला अर्थ काय वगैरे, डिप्रेशन आलंय का?" मी काउन्सेलिंग करते आणि सुट्टीवरून आलेल्या घरांतून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो, म्हणून ही केस सांगते, ओळख पटेल असे तपशील अर्थात बदललेत.

झालं असं की वैशाखी पौर्णिमेला धरून नवरा, बायको आणि मुलगा असे तिघं दिवेआगरला गेलेले. रात्री लाईट गेली, उकाडा मरणाचा, म्हणून हे एकटेच उठून सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेले. पौर्णिमेला आपल्या कोकणात भरती रात्री बाराच्या आसपास असते आणि तीही उधाणाची, कारण सूर्य-चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, त्यामुळे पाणी पार वर आलेलं, चांदणं लख्ख आणि आसपास चिटपाखरू नाही. तिथे बसल्या बसल्या डोक्यात आलं की आपण हे सगळं करतोय कशासाठी? ताम्हिणी चढून पुण्यात आले तरी प्रश्न सोबतच.

पहिल्या भेटीत मी अर्थाबिर्थाचं काही काढलंच नाही. झोप कशी आहे, भूक लागते का, कामात लक्ष लागतं का, आवडायचं ते अजून आवडतं का, हेच. उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर राहिलं आणि त्यात झोप-भूक बिघडली, सारखं थकायला झालं, स्वतःला दोष देणं सुरू झालं तर मी लगेच सायकियाट्रिस्टकडे पाठवते. मरून जावंसं वाटतं का हेही सरळ विचारते, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. (तसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.)

ह्यांचं उत्तर काय, तर झोप मस्त, रविवारी बॅडमिंटन आणि नंतर मिसळ. म्हणजे आजार नाही. पण म्हणून "काही नाही हो, कामात मन रमवा" असं सांगून पाठवणं मला पटत नाही, आपल्याकडे सगळे तेच करतात.

अर्विन यालोम हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ सांगतात की माणसाला मुळातून चार गोष्टी छळतात, मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपणा आणि अर्थहीनता. समोरचा "अर्थ काय" म्हणाला तरी बाकीच्या तिघांतलं कोण आत बसलंय हे मी चाचपडत बघते. इथे निघालं स्वातंत्र्य! मार्चमध्ये फ्लॅटचं २० वर्षांचं लोन फिटलेलं, मुलगा बारावी होऊन बेंगळुरूला निघालेला. इतकी वर्षं हप्ता भरायचा म्हणून नोकरी करायची हे ठरलेलं होतं, आता कुणी काही ठरवून देत नव्हतं आणि ह्यांना स्वतःला काय हवंय ते आठवेना.

दुसऱ्या वेळी बाईंनाही बोलावलं. त्यांची खरी भीती वेगळीच होती, अर्थ नाही म्हणजे आपल्यासोबतच्या संसारातही अर्थ नाही असं त्यांनी ऐकलं होतं. ते बोलून झाल्यावर जरा चिडूनच म्हणाल्या, "हा प्रश्न मलाही पडतो, पण मला सकाळी डबे करायचे असतात." ते बघतच राहिले.

मग मी होमवर्क दिलं, रोज रात्री अर्धा तास दोघांनी बोलायचं, सल्ला द्यायचा नाही आणि मुलाचा विषय काढायचा नाही. पहिला आठवडा म्हणे नुसती भांडणं झाली. आता ह्यांनी तबल्याचा क्लास लावलाय, आणि बाईंनी बँकेतल्या प्रमोशनचा फॉर्म भरलाय, जो त्या मुलाच्या शाळेपासून टाळत होत्या. मिळालं तर बदली बहुतेक नागपूरला, आणि मग कुणी कुठे राहायचं यावर घरात सध्या जोरदार चर्चा चालू आहे.