ढगाच्या माथ्याचे तापमान आणि ऐरोलीच्या गच्चीवरचा पाऊस

सप्रेम नमस्कार.

ऐरोलीहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली कन्या ठाण्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इस्रोच्या अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्रात म्हणजे ‘सॅक’मध्ये अलीकडे झालेल्या हवामानविषयक कामाच्या बातम्या वाचून तिने उपग्रह हवामानशास्त्रातच जायचे ठरवले आहे, आणि गेले दोन पावसाळे ती गच्चीवर सोड्याच्या कापलेल्या बाटलीत रोज संध्याकाळी पाऊस मोजते आहे, असे आपण लिहिता. या विषयात पोटापाण्याची सोय होते का, आणि होत नसल्यास दीड लाख रुपये भरून तिला डेटा सायन्सच्या खासगी कोर्सला घालावे का, असे आपले दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देतो: पदवी हातात येईपर्यंत ते दीड लाख बँकेतच राहू द्यावेत.

पहिल्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी हे काम कसले आहे ते आपण दोघांनीही नीट समजून घ्यावे, कारण पत्रावरून असे वाटते की तिला ते ढगांची चित्रे पाहण्याचे काम वाटते आणि आपल्याला ते रॉकेट उडवण्याचे. इन्सॅट-३डीएस हा उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ रोजी जीएसएलव्ही-एफ१४ या रॉकेटमधून श्रीहरिकोटाहून सुटला, त्याचे वजन २,२७४ किलो होते, त्याचा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने उचलला आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याची पहिली चित्रे आली. त्यावरचा सहा चॅनेलचा, म्हणजे तरंगलांबीचे सहा वेगवेगळे पट्टे टिपणारा, इमेजर आणि एकोणीस चॅनेलचा साउंडर ही दोन्ही उपकरणे सॅकने घडवली. इमेजर ढग टिपतो. साउंडर हवेच्या वेगवेगळ्या थरांतील तापमान आणि बाष्प यांचा उभा आलेख देतो. मात्र उपकरण वर जाऊन पोहोचल्यावर त्याच्याकडून येणाऱ्या आकड्यांतून पाऊस, वारा, समुद्राचे तापमान आणि धुके ओळखण्याची सूत्रे बांधणे, ती जमिनीवरच्या नोंदींशी ताडून पाहणे आणि चुकली तेथे दुरुस्त करणे हे वर्षानुवर्षे चालणारे काम आहे, आणि नव्या माणसाच्या वाट्याला बहुतेक तेच येते.

एक उदाहरण घेतो. सॅकच्या ‘मॉस्डॅक’ या माहिती-भांडारात नाव नोंदवले की इन्सॅटच्या फायली मिळतात. त्यातील अवरक्त, म्हणजे उष्णतेचे प्रारण टिपणाऱ्या (इन्फ्रारेड), चॅनेलची फाईल उघडली की चित्र दिसत नाही, आकडे दिसतात: प्रत्येक ठिपक्याला ० ते १०२३ यांच्यामधला एक आकडा असतो आणि सोबतच्या तक्त्यातून त्याचे केल्विनमधले तापमान काढायचे असते. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे आणि या चॅनेलचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण चार किलोमीटर बाजूचा चौकोन, त्यामुळे अख्ख्या ऐरोलीच्या वाट्याला एक-दोन ठिपकेच येतात. ढग असेल तेथे मिळालेले तापमान त्या ढगाच्या माथ्याचे असते. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि ढग जितका उंच तितका पाऊस जोराचा, असा ढोबळ हिशेब अवरक्त चित्रावरून पाऊस काढणाऱ्या जुन्या पद्धतींच्या मुळाशी आहे.

हा हिशेब विदर्भातल्या वळवाच्या गडगडाटी ढगाला बऱ्यापैकी लागू पडतो, परंतु आपल्या कोकणात तो फसतो. जुलैमध्ये अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला अडते, वर चढते आणि पुष्कळदा पाच-सहा किलोमीटरपेक्षा फार उंच न जाणाऱ्या ढगांतूनच ती तासन्‌तास कोसळत राहते. अशा ढगाचा माथा शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, उणे साठ-सत्तरच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे उपग्रहाला तो किरकोळ वाटतो आणि त्याच वेळी ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी नाले भरून वाहत असतात. म्हणून अवरक्ताच्या जोडीला सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) पट्ट्यातले उपग्रह, डॉप्लर रडार आणि जमिनीवरची पर्जन्यमापके लागतात, आणि या सर्वांची सांगड कशी घालावी हा प्रश्न अजून सुटलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि जेमतेम पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे हा सारा फरक पाच-सहा ठिपक्यांच्या अंतरातला होता. आपल्या कन्येला या कोड्यात गोडी वाटली तर तिने या क्षेत्रात जरूर जावे. ते वाचून कंटाळा आला तर तेही आताच कळलेले बरे.

आता नोकरीविषयी. सॅकमध्ये थेट शास्त्रज्ञ म्हणून घेतल्या जाणाऱ्या जागा थोड्या असतात आणि त्यांसाठी स्पर्धा मोठी असते, तेव्हा केवळ तीच एक खुर्ची डोळ्यांसमोर ठेवून शिकू नये. तेथे शिरण्याची नेहमीची वाट कनिष्ठ संशोधन अधिछात्र म्हणून, म्हणजे जेआरएफ म्हणून, जाते आणि त्यासाठी एम.एस्सी. लागते. भारतीय हवामान विभागात वैज्ञानिक सहायक पदासाठी भौतिकशास्त्र असलेली विज्ञान पदवी चालते, परंतु प्रथम वर्ग असावा लागतो. कर्मचारी निवड आयोगाने २०२२ मध्ये या पदाच्या ९९० जागा जाहीर केल्या होत्या, मात्र अशी भरती दरवर्षी होत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये २,००० कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिल्याने रडार, उपग्रह आणि महासंगणक यांवरचे काम वाढले आहे, आणि पीकविमा, पवनऊर्जा, सौरऊर्जा व खासगी हवामान कंपन्या यांनाही हेच कौशल्य लागते. यापलीकडे पगाराची हमी मी देणार नाही. आपण सुचवलेली बँकेची परीक्षा तिने पदवीनंतर दिली तरी या अभ्यासाचे काही बिघडत नाही.

शिक्षणाची वाट सरळ आहे. पदवीत भौतिकशास्त्र आणि गणित यांत हात पक्का करावा, विशेषतः उष्मागतिकी, प्रारणाचे नियम आणि विकलक समीकरणे यांत. ढगाचे तापमान ज्या सूत्रातून निघते ते प्लांकचे सूत्र तिच्या अभ्यासक्रमात असणारच. त्यानंतर एम.एस्सी. किंवा एम.टेक.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वायुमंडलीय व अवकाशशास्त्र विभाग, कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ आणि दिल्ली आयआयटीचे वायुमंडलीय विज्ञान केंद्र ही नावे मी सांगेन. घराजवळ राहायचे तर पुणे. संगणकाचे म्हणाल तर पायथन ही संगणकभाषा तिने आताच शिकावी, आणि त्याला दीड लाख लागत नाहीत. त्या कोर्समध्ये तयार कोष्टके मिळतील. येथे कोष्टक चुकीचे का आले हे ओळखायचे असते आणि त्याला भौतिकशास्त्रच लागते.

राहिले गच्चीवरचे पर्जन्यमापक. तिच्या दोन पावसाळ्यांच्या वहीचे मला कौतुक आहे, परंतु ती वही सध्या उपयोगात आणता येणार नाही. सोड्याच्या बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, त्यामुळे फूटपट्टीने मोजलेली उंची खरी नसते. तिने साचलेले पाणी मोजपात्रात ओतावे आणि त्या आकारमानाला तोंडाच्या क्षेत्रफळाने भागावे: तोंडाचा व्यास दहा सेंटिमीटर असेल तर ७८५ मिलिलिटर पाणी म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस. कठड्याला लागून ठेवलेले पात्र पाऊस चुकवते, तेव्हा ते मोकळ्या जागी न्यावे. नंतर येत्या जुलैतील दहा दिवस निवडून त्या दिवशीचे ऐरोलीवरच्या ठिपक्याचे तापमान आणि पात्रातला पाऊस शेजारी शेजारी लिहावेत, एम.एस्सी.च्या मुलाखतीत दाखवायला मला तरी तेवढे पुरेसे वाटते.

आणखी एक दोष वेळेचा आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरला जातो, त्यामुळे तिच्या संध्याकाळच्या नोंदी ठाण्याच्या किंवा सांताक्रूझच्या आकड्यांशी जुळणारच नाहीत. तिने वेळ बदलावी, आणि ज्या दिवशी सकाळच्या तासिकांसाठी तिला लवकर निघावे लागेल त्या दिवशी साडेआठला गच्चीवर आपण जावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक