अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ची चाल कोणत्या जुन्या गाण्यावरून घेतली आहे?

‘प्लेझीर दामूर’ या फ्रेंच गाण्यावरून. साल 1784, संगीतकार मार्तिनी. नाव इटालियन वाटतं, पण माणूस मूळचा बव्हेरियाचा, आडनाव श्वार्त्सेनडॉर्फ! शब्द फ्लोरियाँ या कवीचे.

गंमत म्हणजे एल्व्हिसचं 1961 चं गाणं प्रेमात पडण्याचं, आणि मूळ गाणं प्रेमात पोळलेल्याचं. ध्रुवपदाचा अर्थ असा: प्रेमाचं सुख क्षणभर, दुःख मात्र जन्मभर. ज्या सिल्वीसाठी त्यानं सगळं सोडलं, ती दुसऱ्याकडे गेली. ‘कुरणाच्या कडेच्या ओढ्याकडे हे पाणी वाहतंय तोवर मी तुझीच’ असं ती म्हणाली होती. पाणी अजून वाहतंय, ती मात्र बदलली. (आमच्या गिरणेकाठी असली शपथ घेतली असती तर उन्हाळ्यात पात्र कोरडं पडल्यावर सिल्वी आपोआप सुटली असती. इकडे जळगावात चैत्रातलं ऊन काय असतं ते विचारू नका.)

पुढे 1859 मध्ये फ्रेंच संगीतकार बर्लिओझनं या गाण्याला वाद्यवृंदाची साथ लिहिली. पण आधी नुसत्या पियानोवर ऐका. प्रत्येक कडव्यानंतर तेच ध्रुवपद परत येतं आणि दर वेळी जास्त टोचतं.