‘बाहेर नेलं तरी ह्याला कशातच रस नाही’

“दर सुट्टीला आम्ही ह्याला टेकडीवर, बागेत नेतो, आणि हा पाच मिनिटांत मोबाईल मागतो. कशातच रस नाही ह्याला.” आठ वर्षांच्या मुलाची आई सांगताना रडवेली झाली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते.

मी आईबाबांना शेवटची फेरी जशी घडली तशी सांगायला लावली. बोलता बोलता बाबांनाच आठवलं, वाटेत मुलगा मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवा बसला होता. “पण पुढे पक्षी दाखवायचे होते, म्हणून उठवला.” मुलगा माझ्याशी एकटा बोलला तेव्हा म्हणाला, “बाबा सारखं विचारतात, हे कुठलं झाड सांग. चुकलं की परत विचारतात.”

म्हणजे रस होता, त्याला वेळ मिळत नव्हता.

मी सुचवलं, महिनाभर नावं विचारू नका. त्याने विचारलं तरच सांगा. घराजवळची एकच जागा धरा आणि तिथेच परत परत जा. तो थांबेल तिथे थांबा, निघायची वेळ तेवढी आधी सांगून ठेवा. बाबांना हे फार जड गेलं. मुलाला काही द्यायचं म्हणजे माहिती द्यायची, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. त्यामागे माया असते, हेही मी त्यांना सांगितलं.

आईची अडचण वेगळी होती. “मलाच काही माहीत नाही, त्याने विचारलं तर?”

तसंच झालं. मुलाने मुंग्यांच्या वाटेवरून बोट आडवं घासलं. मुंग्या तिथे येऊन अडखळल्या, इकडेतिकडे पांगल्या, मग हळूहळू रांग पुन्हा जुळली. “असं का झालं?” आई म्हणाली, “मला नाही माहीत, बघूया.” दोघांनी वाटेत काडी ठेवून पाहिली, पान ठेवून पाहिलं, बराच वेळ. मग घरी शोधलं. अनेक जातींच्या मुंग्या चालताना वाटेवर गंध सोडतात आणि बाकीच्या त्याच्या मागावर येतात. बोटाने तो मागच पुसला गेला होता. शोधायला मोबाईल लागला, पण प्रश्न त्याआधी मुलाने डोळ्यांनी पाहून मिळवला होता. मला ते फार मोलाचं वाटतं. आईला उत्तर आधीच येत असतं, तर काडी आणि पान राहूनच गेलं असतं.

बिळात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही, अनोळखी किडा धरायचा नाही, परतल्यावर हात धुवायचे, एवढे नियम मात्र ठाम ठेवा.

हा मुलगा अजूनही कधीकधी मोबाईल मागतो. त्याने मी घाबरत नाही. पण मूल खेळ, मित्र, झोप, जेवण सगळ्यातूनच मन काढून घेत असेल, तर फेऱ्या वाढवत बसू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा.