बाळ फक्त रविवारी भेटतं, माया कशी लागणार?

बाळ दीड महिन्याचं, बायको खानापूरला माहेरी, तुम्ही बेळगावात नोकरीला. रविवारी घेतलं की रडतं आणि आतून काही वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बाळ हातात आलं की लगेच माया उफाळून येते, असं काही नसतं. कित्येक बापांना वेळ लागतो. आयांनाही लागतो, त्या बोलत नाहीत इतकंच.

सासुरवाडीला जाऊन पाहुण्यासारखं चहा पीत बसू नका. शर्ट काढा, बाळाला नुसत्या लंगोटावर उघड्या छातीशी घ्या, वरून दुपटं पांघरा. तोंड वीतभर अंतरावर ठेवून बोला. या वयात साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच त्याला नीट दिसतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं मागून घ्या. आजी-मावश्या हसतील, हसू देत. बाळाच्या खोलीत धुरी नको, हे मात्र बायकोकरवीच सांगा. जावई बोलला की विषय भलतीकडे जातो.

बायकोकडेही लक्ष असू द्या. पहिले दोन आठवडे रडू येणं सर्रास असतं. तुमच्याकडे आता दीड महिना झालाय; अजून उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन मोफत आहे, कन्नड-मराठी दोन्हीत बोलता येतं.